सोळा इंच

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक छोटा स्टिकर दिसतो. टायरचा आकार आणि त्यात किती हवा भरायची, एवढंच त्यावर छापलेलं असतं. माझ्या गाडीवरच्या स्टिकरवर आधीच्या मालकाच्या काळातला चिखल वाळून बसला होता आणि पहिलं वर्षभर मी तो पुसला नाही. पुसला असता तर पुढचं काही टळलं असतं असं मी म्हणत नाही. वाचूनही मी तेच केलं असतं.

गाडी म्हणजे २०१७ ची स्विफ्ट, व्हीएक्सआय, पांढरी. २०२२ मध्ये हिंजवडीतल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सेकंड हँड घेतली. घरातली पहिली गाडी. म्हणजे पप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, पण ती महामंडळाची. कऱ्हाडला आमच्या दारात स्वतःची म्हणून जी चार चाकं लागली ती माझी. आईने नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि पप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "टायर चांगले हायत."

मला नेमकं तेच पटत नव्हतं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजूबाजूला मोठमोठ्या एसयूव्ही. त्यांच्या मधे माझी गाडी मागून बघितली की एखाद्या पैलवानाने लहान पोराच्या चपला घातल्यासारखी वाटायची. चाकं बारीक, आत गेलेली, वर कळकट प्लास्टिकचे व्हील कव्हर. दुसरंही एक कारण होतं, ते तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. छोट्या गाडीत बाई दिसली की मागचा माणूस हॉर्न वाजवतोच. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी वाजवतो. मला वाटायचं, गाडी जरा दमदार दिसली तर लोक जरा दबून राहतील. हे लिहिताना हसू येतंय, पण ५८ हजार रुपये मी या वाटण्यावर खर्च केले.

जानेवारी २०२३. चार अलॉय, सोळा इंची, काळे, कडेला चंदेरी रेघ: ३२ हजार. चार टायर: २६ हजार. दुकानदार चांगला माणूस होता, चहा दिला. म्हणाला, "ताई, १९५ कशाला, २०५ टाका. गाडी रोडला चिकटून बसते." मी विचारलं, "काही प्रॉब्लेम नाही ना?" तो म्हणाला, "सगळे टाकतात." या उत्तरावर मी समाधानी झाले. आपल्याकडे हे उत्तर बहुतेक प्रश्नांना पुरतं.

आता थोडं गणित. मला ते सहा महिने उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, समजा, १६५/८० आर १४. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचांत. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच असा भेळेसारखा कारभार आहे, पण हिशेब सरळ आहे. १६५ चे ८० टक्के १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिलिमीटर. एकूण उंची ६१९.६. माझ्या गाडीला कंपनीने दिलेलं चाक एवढं.

मी टाकलेलं होतं २०५/६० आर १६. तोच हिशेब केला की ६५२.४ येतात. म्हणजे चाक सव्वातीन सेंटिमीटरने मोठं, सव्वापाच टक्के. ऐकायला काहीच नाही. पण जुनं चाक एका फेरीत सुमारे १ मीटर ९५ सेंटिमीटर जायचं, नवं २ मीटर ५ सेंटिमीटर जातं. गाडीला हे कोणी सांगितलेलं नसतं. ती बिचारी फेऱ्या मोजते आणि जुन्या चाकाच्या हिशेबाने वेग दाखवते. काटा ८० वर असेल तेव्हा फेऱ्यांच्या हिशेबाने मी ८४ ने चाललेली असते. कंपन्या काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, तेवढी सुरक्षित जागा मी खाऊन टाकली होती. किलोमीटरही कमी पडत होते. मीटरवर १० हजार झाले तेव्हा गाडी साडेदहा हजार चाललेली. टायरच्या धंद्यातली माणसं साधारण तीन टक्क्यांच्या आत राहा म्हणतात. मी सव्वापाचवर होते.

यातली गंमत अशी की याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीच १८५/६५ आर १५ देते. रुंद आहे, दिसायला बरं आहे, आणि उंची ६२१.५. जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे हौस भागवायचा एक सरळ रस्ता कंपनीनेच आखून ठेवला होता. त्या दुकानात पंधरा इंची डिस्क समोर टांगलेलीही होती. मला सोळा हव्या होत्या.

त्या महिन्यात घरी गेले तेव्हा पप्पांनी पुन्हा चक्कर मारली. पप्पा डोळ्यांनी टायर बघत नाहीत, हाताने बघतात. तळवा फिरवतात, कडेने बोट घालतात. एसटीत असताना लोखंडी टॉमीने चाकावर ठोका मारून आवाजावरून आतल्या टायरची हवा सांगायचे. पुढच्या चाकाला नवाच टायर, रिमोल्ड मागे, हा नियम ते आम्हाला "दात घासून झोपा" म्हणावं तसा सांगायचे. माझे टायर बघून त्यांनी बरंवाईट काहीच म्हटलं नाही. डिकी उघडली, गालिचा उचलला आणि विचारलं, "स्टेपनी कुठली हाय?"

स्टेपनी जुनीच होती. चौदा इंची.

"म्हंजे पंक्चर झालं तर तीन पायांत बूट आन् एका पायात चप्पल."

मी म्हटलं, "पप्पा, टायर ट्यूबलेस आहेत, आता पंक्चर कोण होतंय." ते गप्प बसले. जुने चार टायर डिस्कसकट मी पुण्याहून डिकीत आणि मागच्या सीटवर घालून आणले होते, कऱ्हाडात विकायला. त्यांनी ते विकू दिले नाहीत. परसात, पाण्याच्या टाकीजवळ, ताडपत्रीखाली रचून ठेवले. तारीखही वाचून दाखवली मला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८२० म्हणजे २०२० चा अठरावा आठवडा. "अजून लय चालतील," म्हणाले.

मार्चमध्ये विम्याचं नूतनीकरण आलं. फोनवर, ऑफिसच्या कॅबमध्ये बसून, दोन मिनिटांत केलं. कंपनी बदलली, कारण चौदाशे रुपये वाचत होते. एका पानावर चौकोन होता: गाडीत कंपनीने दिलेल्या रचनेखेरीज कोणताही बदल केलेला नाही, असं मी जाहीर करते. मी टिचकी मारली. टायर माझ्या डोक्यात आलेच नाहीत. खोटं सांगायचं ठरवून सांगितलेलं नव्हतं ते. पण पुढे मला कळलं की चौकोनाला तुमच्या डोक्यात काय होतं याच्याशी देणंघेणं नसतं.

जुलैतल्या एका रविवारी चिपळूणच्या मावशीकडून परत येत होतो. पप्पा शेजारी, आई आणि माझा धाकटा भाऊ मागे, डिकीत मावशीने दिलेले फणस आणि तांदूळ. कुंभार्ली घाट व्यवस्थित चढून आलो. घाटात मी सांभाळून चालवते, सगळेच चालवतात. कोयनानगर सोडलं, रस्ता जरा मोकळा झाला, पाऊस थांबला होता. फक्त एक आवाज येत होता. गाडी खड्ड्यात दबली की पुढून डावीकडून "खर्र". पप्पा दोनदा म्हणाले, "घासतंय कुठंतरी." मी म्हटलं, "पाटणला बघू."

पाटणच्या अलीकडे एका वळणावर मोरीपाशी पाणी साचलं होतं. काटा ६० च्या जरा वर होता. समोरून दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला आला, गेला. त्यानंतर तीन-चार सेकंदांत स्टिअरिंग एकदम हलकं झालं. ते हलकेपण मला अजून हातात आठवतं, जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा तसं. गाडी सरळ गेली, मी वळवत होते तरी. मग ब्रेक, मग मोरीचा कठडा. आवाजाच्या मानाने फार जोरात नाही आपटलो. पण पप्पांनी सवयीने हात पुढे डॅशबोर्डवर टेकला होता आणि डावं मनगट मोडलं.

बाकी कोणाला काही नाही. फणस फुटला. गाडीभर त्याचा वास, आणि आई मागून एकच विचारत होती, "तो दूधवाला गेला ना गं पुढं?"

विमा कंपनीचा नंबर लावला. मुलगी शांत होती, आधी "सगळे सुखरूप आहात का" म्हणाली, मग म्हणाली ॲपवर फोटो टाका. चारही कोपऱ्यांतून, नंबर प्लेट, मीटरचं रीडिंग, नुकसान जवळून. भावाने भराभर टाकले. क्रेनवाला साडेसातला आला, पप्पांचं प्लास्टर कऱ्हाडला झालं रात्री अकराला.

गॅरेजवाला ओळखीचा. बारा वाजता त्याने गाडीखाली टॉर्च मारून अंदाज सांगितला: बंपर, डावा फेंडर, हेडलाइट, रेडिएटर, खालचा आर्म, बॉनेटचं काम. लाखाच्या वर. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, सर्व्हेअर उद्या दुपारी येणार. हे टायर बघितले की तो पेन काढणार. जुने आहेत ना घरी? रात्रीत चढवून देतो. कुणाला कळत नाही."

मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. तुम्हाला वाटेल आता एकतीस वर्षं बिनअपघाताची सेवा केलेला माणूस काहीतरी बाणेदार बोलेल. मलाही तसंच वाटलं होतं. पप्पा गळ्यात हात अडकवून खाटेवर बसले होते. म्हणाले, "ताडपत्रीखाली हायत. पोराला सांग, रिक्षात घालून घिऊन जाईल."

मी बघतच राहिले. ते म्हणाले, "लाख रुपये हायत बाळा. तुझा पगार किती, मला म्हाईत हाय."

आणि मी तयार झाले होते. हे नीट लिहिते, कारण पुढे नातेवाइकांत ही गोष्ट "आमच्या पोरीने खरं सांगितलं" अशी फिरली. भाऊ ताडपत्री काढायला गेला, दोन टायर रिक्षात चढलेही. मग त्याने सहज ॲप उघडून फोटो बघितले. चार कोपऱ्यांतून काढलेले फोटो. प्रत्येकात काळे सोळा इंची अलॉय, चंदेरी रेघ चमकतेय, तारीख-वेळेसकट कंपनीकडे पोहोचलेले. टायर बदलले असते तर दाव्याला हरकत घ्यायच्या जागी सरळ फसवणुकीचा प्रकार झाला असता. रिक्षावाल्याला पन्नास रुपये देऊन टायर उतरवून घेतले. पप्पा म्हणाले, "बरंच झालं." मग जरा वेळाने, "झोपा आता."

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी स्कूटरवर आले. पन्नाशीपुढचे, गळ्यात चष्मा, खिशात खडू. त्यांनी पेन लगेच काढलं नाही. आधी दार उघडलं आणि रुमालाने तो स्टिकर पुसला. मग टायरचा आकार लिहून घेतला, शेवटचा भार-वेगाचा आकडाही. तो पुरेसा होता, उलट जास्त होता. मग डाव्या पुढच्या चाकावर उकिडवे बसले आणि मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर बोट फिरवलं. तिथे ते घासून गुळगुळीत, आरपार झालं होतं. तो आपटण्याचा मार नव्हता, महिन्यांचं काम होतं. "गाडी भरली की घासत असणार," ते म्हणाले. मी "हो" म्हटलं.

"अपघात टायरमुळे झाला का?" मी विचारलं.

"मॅडम, ते मला सांगता येत नाही आणि तुम्हालाही येणार नाही. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, हे खरं आहे. स्टिअरिंग हलकं झालं म्हणताय, म्हणजे टायर पाण्यावर तरंगला असणार. अरुंद टायर असता तर तरंगला नसता? कदाचित. पन्नासने आला असता तर? बहुतेक नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "टायर मोठे आहेत हा एक मुद्दा. तुम्ही सांगितलं नाही हा दुसरा. लोक पहिल्यावर भांडत बसतात, कंपनी दुसरा धरते."

त्यांनी अंदाजपत्रकाला कात्री लावली. अंदाज १ लाख १२ हजार ४०० चा होता. माझ्या पॉलिसीत झिरो डेप नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, आणि गाडी पाच वर्षांपुढची म्हणून धातूच्या भागांवर ४०. वर पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातले. राहिले ८० हजार ४००. टायरना मार लागला असता तर? गाडीबरोबर टायर खराब झाला तरच मिळतात, तेही निम्मे. आणि पप्पांच्या हाताला काही नाही. सक्तीचं १५ लाखांचं अपघात कवच मालक-चालकासाठी असतं, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं वेगळं घ्यावं लागतं. मी चौदाशे रुपये वाचवले होते ना, त्यात ते गेलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दावा नामंजूर. प्रस्तावात महत्त्वाची बाब दडवली, सबब वगैरे.

तेव्हा मी पहिल्यांदा पॉलिसी वाचली. रात्री जेवण झाल्यावर, फोनवर, बोटांनी मोठी करून करून. मग कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कडकपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. आता माझ्या आरसीवर टायरचा आकार कुठेच छापलेला नाही. इंजिन नंबर आहे, रंग आहे, सीट आहेत, टायर नाहीत. म्हणजे मी कायदा मोडला की नाही? मी दोन वकील मित्रांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

पण सर्व्हेअर म्हणाले तेच खरं होतं, भांडण आरटीओचं नव्हतंच. विम्याचा करार हा बाकी करारांसारखा नसतो. भाजी घेताना भाजीवाल्याने सांगायचं नाही आणि आपण निवडून घ्यायचं, हे चालतं. विम्यात कंपनी माझी गाडी न बघता जोखीम घेते, म्हणून मला जे माहीत आहे ते मी न विचारता सांगायचं, असा त्याचा पाया आहे. सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी कस्टमर केअरला वेगळ्या नंबरवरून फोन करून विचारलंही. "मॅडम, बदलाची नोंद करावी लागेल, तपासणी होईल, प्रीमियम वाढू शकतो." एवढंच. कदाचित हजार रुपये. कदाचित ते "नाही" म्हणाले असते, आणि मग मला निदान कळलं असतं.

आणि एका रात्री ते दुसरं कलम सापडलं, १५०. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर कंपनीला भरपाई द्यावीच लागते, तिथे तिची सुटका सहज होत नाही. पण ज्या मोजक्या कारणांवर ती न्यायाधिकरणासमोर हात वर करू शकते, त्यांत एक आहे: महत्त्वाची बाब दडवून पॉलिसी घेतली. अशा वादांत कित्येकदा न्यायालय कंपनीला म्हणतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे मी. मी फोन बाजूला ठेवला. कॅन आपटण्याचा आवाज, जो झालाच नाही, तो मला ऐकू यायला लागला. तीन-चार सेकंद. त्याच्या मोटरसायकलला चार कॅन होते की दोन, हे आठवायचा मी अजून प्रयत्न करते.

अर्ज मी स्वतः लिहिला. वकिलाची भाषा घातली नाही. लिहिलं की टायर बदलले होते, जानेवारीत बदलले, बिल सोबत जोडलं आहे, नूतनीकरणाच्या वेळी चौकोन न वाचता टिचकी मारली, ही चूक माझी. पण टायरमुळेच अपघात झाला असं तुमच्या सर्व्हेअरच्या अहवालात नाही. मग दोन निकाल. १९९६ चा नागराजू यांचा: मालवाहू गाडीत नियमापेक्षा जास्त माणसं बसवली म्हणून कंपनीने दावा नाकारला होता, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ती माणसं बसल्यामुळे अपघात झाला असं दिसत नसेल तर एवढ्यावरून सगळा करार मोडीत काढता येणार नाही. आणि २०१० चा अमलेंदु साहू यांचा: खाजगी गाडी भाड्याने दिली होती, अट मोडलीच होती, तरी पूर्ण नकार न्यायालयाला मान्य झाला नाही. 'नॉन-स्टँडर्ड' दाव्यांची चर्चा त्यात आहे, म्हणजे अट मोडली तरी मंजूर होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची सोय.

माझी बाजू भक्कम नव्हती. अट मोडणं वेगळं आणि मुळातच न सांगणं वेगळं, असं कंपनी म्हणू शकत होती, आणि म्हणाली असती तर मला फार बोलता आलं नसतं. अर्ज तक्रार निवारण विभागाला पाठवला आणि कॅलेंडरवर महिनाभर पुढे खूण केली. कंपनीने महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही. मी फाइल करून ठेवली होती, पारदर्शक प्लास्टिकची, दहा रुपयांची.

सव्विसाव्या दिवशी मेल आला. तडजोड म्हणून ७५ टक्के, ६० हजार ३००, पूर्ण आणि अंतिम.

मला लोकपालाकडे जायचं होतं. राहिलेल्या वीस हजारांसाठी नाही. "पूर्ण आणि अंतिम" हे शब्द मला टोचले होते. पप्पांना फोन केला. त्यांचं प्लास्टर निघालं होतं, बोटं अजून पूर्ण मिटत नव्हती. त्यांनी विचारलं, "त्यांनी न्हाई दिलं असतं तर चाललं असतं का?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुझं चुकलं हुतं का न्हाई?"

"थोडं."

"मग थोडं कापलं त्यांनी."

मी मेलला "मान्य" लिहून पाठवलं. हे बरोबर केलं की नाही माहीत नाही. एक मैत्रीण अजून म्हणते की लोकपालाकडे गेले असते तर पूर्ण मिळाले असते. दुसरी म्हणते शून्य मिळाले असते. गॅरेजचं बिल १ लाख १२ हजार, मिळाले ६० हजार ३००. वरचे ५२ हजार मी सात महिने फेडले.

गाडीला पुन्हा चौदा इंची चढवले. चढवताना पप्पा गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. पहिल्याच दिवशी पुणे-कऱ्हाड येताना जाणवलं की स्टिअरिंग पुन्हा हलकं झालंय, पण हे हलकेपण वेगळं, हातात राहणारं. लिटरमागे अडीच किलोमीटर परत मिळाले. मागून बघितलं की गाडी पुन्हा पोराच्या चपला घातलेल्या पैलवानासारखी दिसते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. सोळा इंचीवाल्या महिन्यांतही तेवढाच वाजवायचे, हे तेव्हा मान्य करायला जड जात होतं.

पुढच्या मार्चमध्ये नूतनीकरणाच्या वेळी तो चौकोन पुन्हा आला. वाचला. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं कवचही घेतलं, फार महाग नसतं ते.

अलॉय विकायला टाकले, टायरसकट, २५ हजारांत. जाहिरातीत आकार लिहिला, आणि कुठल्या गाडीला टाकू नका तेही लिहिलं. आठवड्याभरात सांगलीहून एका मुलाचा फोन आला.

"ताई, फायनल किती?"

"गाडी कुठली तुझी?"

"स्विफ्ट."

मी त्याला सगळं सांगितलं. उंची, काटा, घासणारं प्लास्टिक, चौकोन, ६० हजार ३००. झेडएक्सआयच्या पंधरा इंची डिस्क घे म्हटलं, स्वस्तात मिळतील, मी शोधून देते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "क्लेम कोण घेतंय ताई? वीस देतो, आज येऊन घेऊन जातो."

पैशांची गरज होती. हप्ते चालू होते. मी म्हटलं, कळवते.

ते चार कऱ्हाडला परसात आहेत, ताडपत्रीखाली, जुने होते त्याच जागी. त्या मुलाचा अजून अधूनमधून मेसेज येतो. परवा त्याने गाडीचा मागून काढलेला फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "बघा ना ताई, कसं दिसतंय हे."